टेकडी आणि वाडा यांच्यामधली वाट

पुण्यात पाहण्यासारखे काय, या प्रश्नाला पुणेकराचे उत्तर ठरलेले असते. शनिवारवाडा, लाल महाल, केळकर संग्रहालय, पर्वती ही एक यादी. वेताळ, हनुमान, तळजाई, चतुःशृंगी या टेकड्यांची दुसरी. पहिली यादी पाहुण्यांसाठी, दुसरी स्वतःसाठी. पहिलीतील स्थळे रिक्षाने गाठून घाईघाईने उरकावयाची. दुसरीवर पहाटे कानाला रुमाल बांधून रोज चढावयाचे. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की, इतिहास आणि अरण्य ही दोन्ही या शहरात एकाच पायवाटेवर भेटतात, याचा बहुतेकांना विसर पडला आहे. या विस्मरणाची किंमत केवळ एखाद्या रम्य सहलीपुरती नाही. वास्तूचे जतन एक खाते करते, टेकडीचे रक्षण दुसरे करते. त्या दोहोंना जोडणारी वाट मात्र कोणाचीच नसते. आणि जी कोणाचीच नसते, ती सर्वांत आधी नाहीशी होते.

उदाहरण म्हणून पर्वतीची वाट घ्यावी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून पर्वतीचा पायथा जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. १७३० मध्ये थोरल्या बाजीरावांनी या वाड्याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतील इमारती खाक झाल्या आणि तटबंदी व जोती तेवढी उरली. तेथून बाजीराव रस्त्याने दक्षिणेस चालत गेले की सारसबाग लागते. आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवून नानासाहेब पेशव्यांनी येथे तळे केले आणि १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत त्या तळ्यात गणपतीची स्थापना झाली. पुढे पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या. माथ्यावरचे देवदेवेश्वराचे मंदिर १७४९ चे. पानिपतच्या आघाताने खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ मध्ये याच टेकडीवर देह ठेवला, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या रणांगणावर पेशवाईचे भवितव्य ठरत असताना दुसऱ्या बाजीरावाने ते येथूनच पाहिले. पर्वतीच्या दक्षिणेस तळजाईचे वनक्षेत्र सुरू होते. तेथे पाऊल टाकताच शहराचा गलबला मागे पडतो आणि मोराची केका कानी येते. म्हणजे एका सकाळीत, पायांतल्या साध्या चपलांनिशी, मराठी सत्तेचा उदय, मध्यान्ह आणि अस्त पाहून माणूस झाडीत जाऊन बसू शकतो. यासाठी ना गिर्यारोहणाची तयारी लागते, ना खिशाला फारशी तोशीस.

याच पायऱ्यांना आणखी एक इतिहास आहे, आणि तो पेशव्यांच्या इतिहासाइतक्या आवर्जून सांगितला जात नाही. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदींच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी येथे सत्याग्रह आरंभला. एस. एम. जोशी व काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते त्यात सामील झाले होते. मंदिराची दारे उघडली गेली नाहीतच. उलट सत्याग्रहींना दगडधोंड्यांचा मार सोसावा लागला. ज्या पायऱ्या आज शाळकरी मुले शर्यत लावून चढतात, त्या चढण्याचा हक्क एके काळी मागावा लागला, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. वाट सर्वांची असणे ही निसर्गदत्त गोष्ट नव्हे. ती मिळवावी लागते आणि मिळाल्यावर राखावी लागते.

दुसरी वाट डेक्कनच्या बाजूची. जंगली महाराज रस्त्यावर, रहदारीपासून चार पावलांवर, पाताळेश्वराचे लेणे आहे. आठव्या शतकाच्या सुमारास राष्ट्रकूट काळात एकाच खडकात खोदलेल्या या लेण्याचा वर्तुळाकार नंदीमंडप पाहिला की, ज्या काळ्या पाषाणावर पुणे उभे आहे त्याची ओळख पटते. हाच पाषाण पुढे टेकडीच्या रूपाने वर येतो. पाताळेश्वराकडून निघालेला माणूस १८८५ मध्ये स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयावरून मागच्या टेकडीवर अर्ध्या-पाऊण तासात सहज पोहोचतो. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे तीन सहकारी याच टेकडीवर जमले व त्यांनी देशसेवेची शपथ घेतली. भारत सेवक समाजाचा जन्म तो हाच. शपथविधीला सभागृह नव्हते की व्यासपीठ नव्हते. उघडे आकाश आणि खाली पसरलेले शहर पुरेसे होते. टेकडीच्या पायथ्याशी १९३० मध्ये उभी राहिलेली गोखले अर्थशास्त्र संस्था आहे; थोड्या अंतरावर, १९१७ मध्ये स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. विद्येची ही घरे टेकडीच्या कुशीत वसली, हे पुण्याच्या स्वभावाला धरूनच झाले.

या टेकडीच्या पलीकडे वेताळ टेकडी आहे. शहराच्या मध्यभागातील ही सर्वांत उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे आठशे मीटर भरते. दोन्ही टेकड्यांच्या मधून सेनापती बापट रस्ता वाहतो, आणि ‘वाहतो’ हेच क्रियापद त्याला शोभते. कारण पायी चालणाऱ्याला तो नदी ओलांडावी तसा ओलांडावा लागतो. वृद्ध गृहस्थ दुभाजकापाशी थबकतात, वाहनांचा लोंढा ओसरण्याची वाट पाहतात आणि बरेचदा परत फिरतात. टेकडीवर चढ्या वाटेने न दमणारी माणसे सपाट रस्त्यापुढे हार खातात, अशी ही स्थिती आहे.

टेकडीवरच्या रानाविषयीही काही गैरसमज दूर व्हावयास हवेत. पुण्याच्या टेकड्यांचे मूळ रूप घनदाट अरण्याचे नाही. विरळ झुडपे, गवताळ माळ आणि सालई, मेडशिंगी, मोई, खैर यांसारखे उन्हाळ्यात निष्पर्ण होणारे वृक्ष, हेच त्यांचे खरे वैभव. सालईचे झाड वैशाखात वठल्यासारखे दिसते, म्हणून ते मेले असे मानण्याचे कारण नाही. मृगाच्या सरींबरोबर ते पुन्हा पालवते. परंतु हिरवे तेच चांगले, या समजुतीपायी वनखात्याने एके काळी मध्य अमेरिकेतून आलेले, झपाट्याने वाढणारे गिरिपुष्प टेकड्यांवर भरमसाट लावले आणि त्याखाली देशी वनस्पतींना जागा उरली नाही. आज अनेक उत्साही मंडळी टेकडीवर रोपे लावून बाटलीने पाणी घालतात. हेतू स्तुत्य, पण गवताळ माळावर वृक्षांची दाटी केली तर त्या गवतात घरटे करणाऱ्या तित्तिराने कोठे जावे? टेकडीवर प्रेम करणे आणि टेकडी समजून घेणे यांत अंतर आहे, आणि ते चालता चालता, डोळे उघडे ठेवूनच कमी होते.

या रानाचा शहराशी संबंध केवळ शोभेचा नाही. नानासाहेबांच्या काळी कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने पाणी आणून शहरातील हौद भरले गेले. डोंगरउतारावर पडलेला पाऊस मुरावा, साठावा आणि मग खाली यावा, हा त्या योजनेमागचा विचार होता. याउलट उतार उघडे केले, ओढे आवळले, म्हणजे काय होते, हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने दाखविले. त्या पावसात शहर व परिसरातील वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. टेकडीवरून वाड्यापर्यंत एक वाट पाण्याचीही असते, आणि ती अडविली तर ती स्वतःच आपली जागा परत घेते.

टेकड्यांना कायद्याचे संरक्षण नाही, असे नाही. १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे सुमारे ९७८ हेक्टरांचे आरक्षण २०१५ मध्ये शासनाने कायम केले. वेताळ टेकडीच्या उतारावरून जाणारा बालभारती ते पौड फाटा हा रस्ता वर्षानुवर्षे वादात राहिला, आणि एप्रिल २०२३ मध्ये हजारो नागरिकांनी टेकडीच्या रक्षणासाठी पदयात्रा काढली. या पदयात्रेत कोण होते, याचा विचार करण्यासारखा आहे. त्यांत निष्णात पर्यावरणतज्ज्ञ मूठभर होते. बाकीचे रोज टेकडीवर जाणारे शिक्षक, कारकून, गृहिणी, सेवानिवृत्त आणि विद्यार्थी होते. ज्या टेकडीवर कोणी जात नाही, तिच्यासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही. पायवाटेवरची वर्दळ हीच टेकडीची खरी राखण होय.

वाहतूक कोंडीने गांजलेल्या नागरिकाला हे पटणार नाही. कामावर वेळेवर पोहोचण्याची त्याची धडपड खोटी नाही, आणि त्याला निसर्गद्वेष्टा ठरविणे अन्यायाचे होईल. पण नवा रस्ता नव्या वाहनांनी काही वर्षांतच भरतो, हा अनुभव पुण्याने एकदा नव्हे, अनेकदा घेतला आहे. दुसरा आक्षेप असा की, माणसांची गर्दी वाढली तर टेकडीची हानी होईल. हाही निराधार नाही. प्लॅस्टिकचा कचरा, उन्हाळ्यातील वणवे, मोकाट दुचाक्या यांनी टेकड्या हैराण आहेत. परंतु ही हानी करणारा माणूस बहुधा पायी येत नाही. आणि आखलेली, एकच असलेली वाट दहा चोरवाटांपेक्षा जमिनीला कमी तुडविते. तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. टेकड्यांवर लुटमारीचे प्रकार घडले आहेत. त्यावर टेकडी बंद करणे हा उपाय सोपा खरा. पण ओसाड जागा अधिकच असुरक्षित होते. माणसांचा वावर आणि नियमित गस्त यांना पर्याय नाही.

एक गोष्ट येथे विसरता कामा नये. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीसारख्या वस्त्या आहेत. तेथील स्त्रीपुरुष टेकडीची वाट हवा खाण्यासाठी नव्हे, कामाला जाण्यासाठी तुडवितात. सुखवस्तू माणसाच्या प्रभातफेरीसाठी त्यांची वाट अडविली गेली, तर १९२९ च्या पायऱ्यांनी काहीच शिकविले नाही, असे म्हणावे लागेल. चांगली पायवाट या दोघांनाही सारखीच हवी आहे.

मग करावयाचे काय? नवी बांधकामे, काचेचे पूल, रोषणाई यांची गरज नाही. व्हिएन्ना शहराने १९०५ मध्ये, गोखल्यांनी शपथ घेतली त्याच वर्षी, शहराभोवतीच्या वनांचा व कुरणांचा पट्टा राखून ठेवण्याचा ठराव केला. आज त्या नगरपालिकेच्या क्रमांक दिलेल्या पायवाटांवर ट्रामने येऊन उतरता येते आणि द्राक्षमळ्यांतून रानात जाता येते. पुण्याला यापेक्षा दूर जावे लागत नाही; येथे रान शहराच्या पोटातच आहे. अडचण आहे ती मालकीच्या विभागणीची. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, सारसबागेचे उद्यान महापालिकेकडे, पर्वतीचे मंदिर देवदेवेश्वर संस्थानाकडे, तळजाईचे रान वनखात्याकडे. आणि मधले रस्ते ज्याचा जोर त्याचे. या सर्वांनी एका टेबलाशी बसून दोन-तीन वाटा निश्चित कराव्यात, त्यांवर मराठीत सुबक दिशाफलक लावावेत, जेथे मोठा रस्ता आडवा येतो तेथे पादचाऱ्याला पुरेसा वेळ देणारा सिग्नल बसवावा, अंतराअंतरावर पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि बसावयास एखादा बाक असावा. याहून अधिक काही नको.

हे महापालिकेच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणण्याची सोय नाही. पादचाऱ्यांसंबंधीचे धोरण तिने २०१६ मध्येच स्वीकारले आहे. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद पदपथ काय करता येते ते दाखवितो. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास वाहनांस बंद करून पादचारी दिनही साजरा केला गेला. मात्र वर्षातील एक दिवस पादचाऱ्याला देणे म्हणजे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस वाहनांचे आहेत, हे मान्य करण्यासारखे आहे.

शाळा-महाविद्यालयांनाही यात काम आहे. इतिहासाचा तास पर्वतीच्या पायऱ्यांवर आणि वनस्पतिशास्त्राचा तास वेताळ टेकडीवर घेण्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे बालपण याच टेकड्यांच्या सान्निध्यात गेले. पश्चिम घाटाच्या अभ्यासाची आवड पुस्तकातूनच लागते असे नाही. ज्या मुलाने सालईला हात लावून पाहिला आहे आणि शनिवारवाड्याच्या जोत्यावरून पर्वतीच्या माथ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी मजल मारली आहे, त्याला उद्या नगरसेवक, अभियंता किंवा साधा करदाता म्हणून नकाशावर रेघ ओढताना हात आखडता घ्यावासा वाटेल. पुण्याच्या वारशाचे रक्षण कुंपणांनी आणि फलकांनी जेवढे होणार नाही, तेवढे अशा पायांनी होईल. ते पाय चालू शकतील एवढी वाट मोकळी ठेवणे, हे शहराचे कर्तव्य आहे.