रिंगणांतील नृत्य

अनसिंगच्या आसपासच्या बंजारा तांड्यांत होळीस लेंगी गीतें सुरू झालीं म्हणजे पाहणाऱ्याचें भान हरपतें. डफावर थाप पडते. स्त्रिया रिंगण धरतात, एकदम वांकतात, टाळी देतात, आणि उठतांना घागऱ्याचा घेर फिरून त्यावरील आरशांत उजेड खेळतो. ह्या सौंदर्यानें मोहित होणें कमीपणाचें, असें कांहीं वडीलधाऱ्यांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

मात्र आपणांस मोहविणारें नेमकें काय, हें पाहिलें पाहिजे. पोशाख तर कोणासही दिसतो. खरी मोहिनी वांकण्याच्या त्या एका क्षणांत आहे. दहा-बारा देह, कोणी खूण न करितां, एकाच वेळीं लवतात. हें साधतें, कारण प्रत्येकीचें तोंड समोरच्या सखीकडे असतें, प्रेक्षकांकडे नव्हे. बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य वाहण्याचा ह्या समाजाचा धंदा आगगाडीनें बुडविला. रिंगण मात्र राहिलें.

आणि आपण स्नेहसंमेलनांत काय करितों? मुलींस भाड्याचे घागरे नेसवून रंगमंचावर एका ओळींत, पाहुण्यांकडे तोंड करून उभें करितों! आपल्याच जिल्ह्यांत, पोहरादेवी येथें, ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. संग्रहालयांत वस्त्रें ठेवितां येतात, अलंकार ठेवितां येतात. लय कांचेच्या कपाटांत ठेवितां येत नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, यंदा हें नृत्य मैदानावर, रिंगणांतच व्हावें, आणि खुर्च्या भोंवतीं मांडाव्या. कोणा पाहुण्यास पाठ दिसली, तर दिसूं द्यावी.