अँटी-टीपीओ वाढलंय? आधी टीएसएच पाहा

थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये अँटी-टीपीओसमोर ठळक अक्षरांत मोठा आकडा दिसला की धडकी भरते. ही अँटीबॉडी एवढंच सांगते, की रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटली आहे. हाशिमोटोच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत ती सापडते. पण थायरॉइड ठणठणीत असलेल्या साधारण १० पैकी एकाच्या रक्तातही असते. ग्रंथीचं काम कसं चाललंय, हे टीएसएच आणि फ्री टी-४ वरून कळतं. गोळीचा डोसही टीएसएच पाहूनच ठरतो. म्हणजे निदान झाल्यावर पुन्हा पुन्हा अँटी-टीपीओ तपासून उपचार बदलत नाहीत, खिसा तेवढा रिकामा होतो. पॅकेजमध्ये ‘फ्री’ असली तरी! मात्र गर्भधारणेचा विचार असेल, तर हा रिपोर्ट डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. अशा महिलांचा टीएसएच गरोदरपणात वाढण्याची शक्यता जास्त असते.