शिल्लक आणि कमाई

आमच्या घरी १९९९ सालची एक लहान पेट्रोल गाडी आहे. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. पंधरा वर्षे झाल्यावर आणि पुढे दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करून घेतली. ‘आता काढा की हे डबडं’ असे कोणी म्हणाले तर बाबा उत्तर देत नाहीत, फडके घेऊन बोनेट पुसू लागतात.

गेल्या आषाढात खानापूरला एका नातलगाकडे बारशाला गेलो होतो. निघायला रात्रीचे नऊ वाजले. पाऊस असा की समोरचे दिसेना. अर्ध्या वाटेवर वायपर दमल्यासारखे फिरू लागले, दिव्यांचा उजेड पिवळा पडला. काचेवर धुके म्हणून पंखा लावला, तर दिवे आणखी मंद. शेवटी इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी थांबली. सेल्फ मारला तर नुसते ‘टक्’. मागच्या सीटवर ८४ वर्षांचे बाबा, त्यांना दमा, आणि दम्याचा पंप घरी टेबलावर. पाऊण तासाने एका दुधाच्या टेम्पोवाल्याने आम्हाला घेतले. त्या पाऊण तासातला बाबांच्या श्वासाचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

घरी आल्यावर माझा राग गाडीवर निघाला. ‘सहा महिन्यांपूर्वीच नवी बॅटरी घातली, आणखी किती करायचं?’ बाबा वाफ घेता घेता एवढेच म्हणाले, ‘अरे, मी तुला दिवाळीपासून सांगतोय, पट्टा ओरडतो म्हणून.’

खरे होते. सकाळी गाडी सुरू करताना बोनेटमधून चिरकणारा आवाज येई, मिनिटभरात बंद होई. मी कानाआड केला. गाडी एकदा सुरू होईना तेव्हा दुकानात जाऊन मीच म्हटले, ‘नवी बॅटरी द्या.’ दुकानदाराने दिली. त्याचा काय दोष? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

गाडी ओढून उद्यमबागेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. सगळे त्यांना मामा म्हणतात. आधी बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवून, दुसऱ्या दिवशी तपासून ते म्हणाले, ‘सर, बॅटरी बरी हाय की. तिला खायलाच मिळंना झालंय, ती तरी काय करणार?’

वाचकहो, यात सगळे आले. बॅटरी म्हणजे घरातली शिल्लक, आल्टरनेटर म्हणजे महिन्याचा पगार. गाडी सुरू करताना सेल्फला लागणारा मोठा खर्च शिल्लकीतून होतो. नंतर दिवे, वायपर, पंखा आणि ठिणगी यांचा खर्च पगारातून भागतो, उरलेले शिल्लकीत पडते. पगारच थांबला तर शिल्लक किती दिवस पुरणार? आणि अशा वेळी शिल्लक संपली म्हणून नवी ठेव आणून ठेवली, तर तीही संपणार. मी नेमके तेच केले होते.

मामांनी साधा मल्टिमीटर काढला. हा कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. इंजिन बंद, गाडी काही तास उभी असताना त्याच्या दोन सुया बॅटरीच्या दोन टोकांवर टेकवायच्या. चांगल्या भरलेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, कारण आत सहा कप्पे असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. १२.२ दिसले तर निम्मी रिकामी समजावी. आता इंजिन सुरू करायचे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. चढला तर पगार जमा होतो आहे. १३ च्या खालीच घुटमळला तर होत नाही. १५ च्या वर गेला तर तेही वाईट. रेग्युलेटर, ज्याला आपले मेस्त्री कटआउट म्हणतात, तो बिघडला असून बॅटरीचे पाणी उकळून आटते.

आमच्या गाडीत इंजिन सुरू झाल्यावर १३.२ दिसले. मामांनी दिवे आणि पंखा लावायला सांगितला. आकडा १२.१ वर घसरला आणि पट्टा चिरकला. अंगठ्याने दाबला तर पट्टा इंचभर आत गेला. जायला हवा साधारण एक सेंटिमीटर. सैल पट्टा पुलीवरून घसरतो, भार वाढला की जास्त घसरतो, पावसाचे पाणी उडाले की आणखीच. पट्टा ताणल्यावर, दिवे लावूनही, १३.४ दिसले.

मी म्हटले, ‘झालं!’ मामा म्हणाले, ‘थांबा जरा.’ त्यांनी एक सुई आल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर टेकवली. दिवे चालूच. मीटरवर ०.९ आले. म्हणजे आल्टरनेटर १४.३ बनवीत होता, पण वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट गळत होता. असा फरक ०.२ पेक्षा जास्त नसावा. वायरीचे टोक सोडवून पाहिले, तर हिरवा गंज चढलेला. घासून, आवळून लावल्यावर बॅटरीवर १४.१ आले. अर्थिंगची वायरही त्यांनी तशीच तपासली, ती ठीक होती. मजुरी किती झाली ते सांगत नाही. नव्या बॅटरीच्या बिलापुढे ते सांगायची लाज वाटते.

दोन गोष्टी मामांनी बजावून सांगितल्या. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालताना तो लागला तर ‘पोहोचू घरी’ म्हणू नये. आधीच पंखा, रेडिओ बंद करावा आणि जवळचा मुक्काम गाठावा. किल्ली फिरवूनही तो मुळीच लागला नाही, तरी बेफिकीर राहू नये. बऱ्याच जुन्या गाड्यांत आल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब गेला तर चार्जिंग सुरूच होत नाही.

दुसरी गोष्ट अशी. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक, ही युक्ती मीही लहानपणी पाहिली आहे. मी ती सुचवताच मामा रागावले. ‘डायनामोच्या काळात चालायचं ते.’ आल्टरनेटर मुळात उलटसुलट प्रवाह बनवतो आणि त्यातले डायोड तो एका दिशेचा करतात. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळते आणि डायोड जळू शकतात. शिवाय बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो. त्यामुळे वायर काढायची झाली तर इंजिन बंद करून, आधी ऋण टोकाची.

पट्टा आणि वायरी ठीक असूनही आकडा चढला नाही, तर आल्टरनेटर उघडावा लागतो. पुष्कळदा आतले कार्बन झिजलेले असतात. ते बदलले की काम भागते, अख्खा आल्टरनेटर टाकून द्यावा लागत नाही. आणि दिवसा सगळे आकडे बरोबर येऊनही सकाळी बॅटरी उतरलेली मिळाली, तर रात्री कुठेतरी गळती आहे, एखादा डायोड किंवा डिकीतला न विझणारा दिवा.

मी वर्गात मुलांना सांगतो, घटना आणि कारण यांत गल्लत करू नका. घरी मात्र सुरू न होणारी गाडी पाहिली आणि बॅटरीला दोषी ठरवून मोकळा झालो. ज्यांनी कारण सांगितले होते, त्यांचे वय झाले म्हणून त्यांचे ऐकले नाही.

आता महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघे बोनेट उघडतो. सुया मी धरतो, आकडा बाबा मोठ्याने वाचतात आणि जुन्या वहीत तारीख घालून लिहितात. परवा १४.२ आला. ‘पास,’ बाबा म्हणाले आणि फडके घेऊन बोनेट पुसू लागले. दम्याचा दुसरा पंप आता गाडीच्या खणातच असतो.