पोर उठत का नव्हती?

परवा शेजारच्या बाई दारात आल्या. "सिस्टर, जरा घरी येता का? पोर उठायलाच तयार नाही."

त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीचे पाठीचे ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. तिच्या पाठीचा कणा बाजूला वाकत गेला होता. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयातल्या मुलींमध्ये हे जास्त दिसते. बाक साधारण 45 ते 50 अंशांच्या पुढे गेला की ऑपरेशनचा विचार करतात. धातूच्या सळ्या आणि स्क्रू घालून मणके सरळ धरतात. मग सहा महिने ते वर्षभरात मणक्यांची हाडे एकमेकांत जुळून येतात.

मी गेले तेव्हा पोर जमिनीवर सतरंजीवर पडून होती. दहा बाय बाराची खोली, तोंड भिंतीकडे. इस्पितळातून निघताना ही जिना चढून दाखवून आली होती. घरी आल्यावर आई, आजी आणि मावशीने मिळून तिला झोपवून टाकले. पाणी हातात, घास तोंडात. आजी म्हणाली, "पाठीला जमीनच बरी." एरवी ठीक आहे, आजी. पण या ऑपरेशननंतर जमिनीवरून उठायचे म्हणजे कमरेत वाकणे आले, आणि तेच तर करायचे नाही. खाट हवी. बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढी उंच. कमी पडली तर पायांखाली विटा लावा. उठवताना हात धरून ओढू नका. ओंडका लोटतात तसे खांदा आणि कंबर एकदम फिरवून कुशीवर घ्या, पाय खाली सोडा, मग हाताच्या रेट्याने तिचे तिला उठू द्या.

हे सगळे दाखवले, तरी पोर हलेना. मी सगळ्यांना बाहेर पाठवले आणि जवळ बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला चार दिवस शी झाली नाही. मी पाणीच पीत नाही."

चाळीचा संडास गल्लीच्या टोकाला, आणि तिथे उकिडवे बसायचे. म्हणून घरात कमोडची खुर्ची आणली होती. पण बाप आणि भाऊ त्याच खोलीत, मध्ये एक ओढणी टांगलेली. लाजेने तिने पाणी तोडले, जेवण तोडले. त्यात दुखण्याच्या जोरदार गोळ्यांनी पोट आधीच बांधले जाते. पोट फुगले, कुंथताना पाठ दुखली, मग उठणेच नको झाले. घरातले समजत होते पोर घाबरलीय.

मी बापाला बाजूला घेऊन एवढेच सांगितले की सकाळी अर्धा तास आणि रात्री अर्धा तास मुलाला घेऊन नाक्यावर जात जा. रिक्षा चालवणारा माणूस, मान खाली घालून हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधून जाड चादर सोडली. डॉक्टरांना विचारून पोट साफ होण्याचे औषध सुरू केले. पाणी, पपई, पालेभाजी चालू झाली. तिसऱ्या दिवशी पोर गॅलरीत चालत होती. एकदम लांब नाही. पाच मिनिटे, पण दिवसातून पाच-सहा वेळा, आणि रोज थोडे जास्त.

डॉक्टर परवानगी देईपर्यंत वाकायचे नाही, पिळवटायचे नाही, जड उचलायचे नाही. भरलेली कळशी नाही, दप्तर नाही, भाचरू कडेवर नाही. पाठीला मालीश अजिबात नाही, कोणी कितीही चांगली मालीशवाली सुचवो. जखमेवर हळद नाही. आणि एक गोष्ट आपल्या घरांतून कोणी बोलत नाही, ती म्हणजे मशेरी. मशेरी म्हणजे तंबाखूच, आणि तंबाखूने हाड जुळायला अडथळा येतो. मुलगी गुपचूप लावत असेल तर न ओरडता बंद करा. दुखण्याची गोळी वेळेवर द्या. मेडिकलवाल्याला विचारून दुसरी आणू नका, काही गोळ्या या काळात चालत नाहीत.

ताप आला, जखम लाल झाली किंवा पाणी-पू येऊ लागला, पायात नव्याने बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पोटरी सुजली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. दम लागला किंवा छातीत दुखले, तर तासभरही थांबू नका.

निघताना आईने मला जिन्यात गाठले. "सिस्टर, लहानपणापासून तिला पाण्याचे हंडे उचलायला लावले हो मी. त्यानंच झालं ना?" नाही, बाई. हा बाक हंड्याने येत नाही, दप्तरानेही येत नाही. बहुतेक मुलींत कारण सापडतच नाही. हे मी त्यांना तीनदा सांगितले.

मावशीची काळजी निराळी. "कुणाला सांगू नका, उद्या लग्नाला अडेल." सळ्या घातलेल्या मुली संसार करतात, त्यांना मुले होतात. बाळंतपणात भूल देणाऱ्या डॉक्टरला सळ्यांची माहिती मात्र द्यावी लागते. लपवायची सवय लागली तर ती तेव्हाही लपवील. म्हणून ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे जपून ठेवा, आणि ते कुठे आहेत हे मुलीला माहीत असू द्या.

या रविवारी पोर विहारापर्यंत चालत आली. खाली बसता येत नाही, वंदनेला वाकता येत नाही, म्हणून दाराशीच घुटमळली. बापाने कोपऱ्यातली खुर्ची उचलून पुढच्या रांगेत आणून ठेवली.