तलवार मुलीच्या हातातसुद्धा शोभते

मला जादूचे आणि तलवारीचे सिनेमे फार आवडतात. वर्गातली मुले म्हणतात, मारामारी असली की सिनेमा भारी. माझे मत तसे नाही. नुसती मारामारी असली तर थोड्या वेळाने कंटाळा येतो. पुढे काय होणार, अशी धाकधूक वाटली पाहिजे. एकदा धाकधूक वाटू लागली की लढणारा मुलगा आहे की मुलगी, हे लक्षातसुद्धा राहत नाही. हे मी उदाहरणे देऊन सांगते.

दादासाहेब फाळके यांनी मुंबईत दादरला 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार केला. तो ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्या काळी सिनेमात काम करायला बायका तयार होत नसत. म्हणून तारामती राणीचे काम अण्णा साळुंके यांनी केले. ते आधी हॉटेलात स्वयंपाकी होते. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर तेच राम झाले आणि तेच सीता झाले! तरी लोकांनी तो सिनेमा गर्दी करून पाहिला.

१९१९ मध्ये फाळक्यांनी 'कालिया मर्दन' काढला. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. ती तेव्हा साधारण सात वर्षांची होती. हा सिनेमा गुरुजींनी आम्हाला शाळेत दाखवला. तो मुका आहे. सुरुवातीला मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने हसून, रागावून दाखवते. म्हणजे ही मुलगी आहे हे आधीच कळते. तरी कृष्ण नदीत उडी मारतो तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. तिकडे पाण्यात नागाशी झुंज आणि इकडे काठावर माणसे रडताहेत. एकदा हे दाखवतात, एकदा ते. नाग खोटा आहे हे दिसत होते, पण रडणारी माणसे बघून भीती खरी वाटली.

परळला वाडिया मूव्हीटोन नावाचा स्टुडिओ होता. त्यांचा 'हंटरवाली' १९३५ साली आला. त्यात नादिया ही राजकन्या आहे. दुष्ट प्रधान तिच्या वडिलांना कैद करतो. मग ती तोंडावर बुरखा बांधते, हातात चाबूक घेते आणि घोड्यावर बसून गरिबांना सोडवते. नादियाचा जन्म ऑस्ट्रेलियातला. तिने आधी सर्कशीत काम केले होते. उड्या आणि मारामाऱ्या ती स्वतः करायची. १९३६ च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये तर ती आगगाडीच्या टपावर मारामारी करते!

जादूचेही असेच आहे. बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये काळ्या पडद्यापुढे काळा दोरा बांधून वस्तू हलवल्या. लोकांना वाटले अदृश्य माणूसच हलवतो आहे. दोरा साधाच होता. पण लोकांचे लक्ष पुढे काय होते इकडे होते.

माझे आजोबा लालबागला गिरणीत कामाला होते. गणपतीत गल्लीत पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा नसली की आजोबा पडद्यामागे बसायचे. मागून सगळे उलटे दिसते. उजव्या हातातली तलवार डाव्या हातात दिसते. मी विचारले, मग मजा कशी यायची? आजोबा म्हणाले, "अगं, तलवार कंच्या हातात हाय ते कोन बघतंय? राजा वाचतोय का नाय, तेवढंच बघायचं."

हे सगळे मी का लिहिले? यंदा स्नेहसंमेलनात आम्ही नाटक करणार आहोत. राक्षस गावाचे पाणी अडवतो आणि एक वीर तलवार घेऊन ते सोडवून आणतो. मुले म्हणतात, वीराचे काम मुलानेच करायचे, मुलींनी पाणी भरणाऱ्या बायका व्हायचे. काही मोठ्या माणसांनाही तसेच वाटते. एक जण म्हणाला, मुली पडल्या की रडतात. आम्ही रोज विहिरीवरून हंडा घेऊन चढ चढतो, तेव्हा कुठे रडतो? पाणी नसले की कसे होते, हे आम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

म्हणून मला वाटते, सगळ्यांना एकेकदा तलवार हातात द्यावी आणि करून दाखवायला सांगावे. ज्याचे काम बघून वर्ग गप्प होईल, त्यालाच वीर करावे. मग तो मुलगा असो की मुलगी. माझा नंबर नाही लागला तरी मी रुसणार नाही. पण करून बघायच्या आधीच नको म्हणू नये. पालकांनीही ह्याचा विचार करावा.

तलवार पुठ्ठ्याची आहे. तिला चंदेरी कागद लावायचे काम मी घेतले आहे.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी