सनद नसलेल्यांची वंशावळ

कुलवृत्तांत म्हटले की डोळ्यांपुढे एक जाडजूड, कापडी बांधणीचा ग्रंथ उभा राहतो. मूळ पुरुष कोकणातल्या अमुक गावचा, त्याला तीन मुलगे. एक देशावर गेला, एकाने पेशव्यांच्या पदरी चाकरी धरली, तिसरा आगर सांभाळत गावीच राहिला. मग पिढ्यामागून पिढ्या, शाखामागून शाखा. या ग्रंथांमागे कुणा निवृत्त मास्तरांची किंवा बँकेतल्या हेडक्लार्कची दहा-वीस वर्षांची पायपीट असते. कुलसंमेलनात तो प्रकाशित होतो, घरोघरी जातो आणि कपाटात स्थानापन्न होतो. या उद्योगाची थट्टा करण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची कितीतरी सामग्री या ग्रंथांनी जपली आहे.

पण त्याच सोसायटीत, त्याच मजल्यावर, शेजारच्या दारावर जी पाटी असते त्या घराण्याचे काय? ज्यांना इनाम नव्हते, वतन नव्हते, ज्यांच्या पूर्वजांचे नाव कुठल्या सनदेत आले नाही, त्यांची वंशावळ पणजोबांपाशी येऊन थांबते. ‘आमचे आजोबा रत्नागिरीकडून मुंबईला आले, गिरणीत होते’ एवढ्या एका वाक्यात शंभर वर्षे संपतात. आपण धरून चालतो की अशांचा इतिहास सापडणारच नाही, कारण तो कुणी लिहिलाच नाही. हा समज किती चुकीचा आहे ते समजून घ्यायचे असेल तर थोडे दूर, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर जायला हवे.

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपुष्टात येताच उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशसला नेले जाऊ लागले. मधल्या काळात ही वाहतूक बंद झाली. १८४२ मध्ये ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या वाटेने गेली. त्यांत भोजपुरी बोलणारे सर्वांत जास्त. पण मुंबई बंदरातून चढलेले, कोकणातले मराठी बोलणारे लोकही होते. महिना पाच रुपये आणि शिधा, पाच वर्षांचा करार, हे सुरुवातीच्या काळातले ठरलेले माप.

ही त्या काळची सगळ्यात नगण्य मानली गेलेली माणसे. आणि आज त्यांच्याच नोंदी सगळ्यात तपशीलवार आहेत! पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. वहीत त्याच्यापुढे नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरच्या खुणा आणि जहाजाचे नाव. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेले ‘तिकीट’ जवळ बाळगणे भाग पाडले. ते नसले तर अटक. हेतू माणसे पकडून ठेवण्याचा होता. पण जुलुमाच्या सोयीसाठी केलेली ही मोजदाद नातवंडा-पतवंडांच्या हाती वारसा म्हणून आली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या वह्या आणि छायाचित्रे जपलेली आहेत आणि मॉरिशसचा नागरिक तिथे जाऊन आपल्या खापरपणज्याचा चेहरा पाहू शकतो. ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

पुढची कथाही ऐकण्यासारखी आहे. साखरेचा धंदा डबघाईला आला तेव्हा, १८८० नंतर, मोठ्या मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवलेल्या मजुरांनी ते घेतले. कालचा मजूर आज एक-दोन एकरांचा ऊसकरी झाला. मराठी कुटुंबांनी गणपती नेला, आपली जाखडी नेली. तिथे तिला ‘झाकरी’ म्हणतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आडनाव मात्र गेले. कारकुनाने बापाचे पाळण्यातले नाव पुढच्या पिढीचे आडनाव म्हणून लिहिले आणि ते रोमन लिपीत, ऐकू येईल तसे. त्यामुळे मॉरिशसहून मागे येणारा माग मुंबई बंदरापर्यंत सरळ येतो आणि कोकणाच्या वाटेला लागताच अडखळतो. गावाचे नाव ओळखू येत नाही, वाडीची नोंद नाही, आडनाव नाही. तिकडची वही पूर्ण आहे. इकडे ताळा पाहायला दुसरी वही नाही.

अमेरिकेतही हेच आढळते. एकोणिसाव्या शतकात लाखो जर्मन शेतकरी तिकडे गेले, विस्कॉन्सिन-आयोवाकडे शेतकरी म्हणून स्थिरावले. श्मिट होते ते स्मिथ झाले, म्युलर होते ते मिलर. आज त्यांचे वंशज मूळ गाव शोधू लागतात तेव्हा पूर्वज हॅम्बुर्ग बंदरातून निघाला असेल तर नशीब बरे, कारण तिथल्या १८५० पासूनच्या प्रवासी याद्या टिकल्या आहेत. तो ब्रेमेनहून निघाला असेल तर बहुधा हात हलवत परतावे लागते. ब्रेमेनच्या कचेरीने जुन्या याद्या वेळोवेळी नष्ट केल्या. युद्ध नाही, आग नाही. कारण एवढेच की ठेवायला जागा नव्हती!

जागा नव्हती, हे कारण आपल्या उपनगरांत कुणाला परके वाटेल? गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत नांदलेली कुटुंबे १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर पांगली. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. खोल्या विकल्या गेल्या, बिऱ्हाडे बोरिवलीला, मुलुंडला आणि त्याही पलीकडे गेली. आता त्या उपनगरांतल्या इमारतींचाही पुनर्विकास चालू आहे. दर वेळी सामान बांधताना पत्र्याची एक पेटी निघते. तीत गिरणीचे ओळखपत्र, फंडाच्या चिठ्ठ्या, जुने रेशनकार्ड, गावच्या घराच्या घरपट्टीची पावती, मनीऑर्डरींची पोचपत्रे, कुणा काकांच्या लग्नाची पत्रिका. ‘हे आता कशाला?’ म्हणून पेटी रद्दीवाल्याकडे जाते. मॉरिशसच्या मजुराप्रमाणे आपल्या गिरणी कामगारालाही ‘तिकीट नंबर’ होता, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा हा नंबर, हजेरीपत्रक, विमा योजनेचे कार्ड यांसाठी वारसांना वणवण करावी लागली. तेव्हा कुठे पेटीची किंमत कळली.

अंधेरी परिसरातली जुनी गावठाणे आठवून पाहा. मरोळ, कोंदिविटे, आंबोली. तिथला ईस्ट इंडियन समाज मूळचा या साष्टी बेटाचा, भातशेती करणारा, मराठी बोलणारा. पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा झाला आणि आडनावे पोर्तुगीज मिळाली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतले. शेते उद्योगवसाहतींखाली गेली. सीप्झच्या आवारात १५७९ मधल्या चर्चचे भग्नावशेष अजून उभे आहेत. या कुटुंबांचा माग चर्चच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या वह्यांत आणि सातबाराच्या जुन्या उताऱ्यांत आहे. परगावाहून येऊन मुंबईकर झालेल्यांना मूळ गाव शोधावे लागते. यांचे गाव पायाखालीच होते, तरी ते हरवले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. वंशावळींचे वेड म्हणजे जातीचा अभिमान जोपासणेच नव्हे काय? ज्या समाजाने जन्मावरून माणसाची किंमत केली, त्याने पुन्हा जन्माचे दप्तर का उघडावे? पण वंशावळ प्रामाणिकपणे शोधली तर ती अभिमानाचा फुगा फोडते, असाच अनुभव अधिक येईल. वर जाऊ तसे दुष्काळ भेटतात, प्लेग भेटतो, गहाण टाकलेली शेते भेटतात, पळून गेलेला भाऊ भेटतो. दर दोन-तीन पिढ्यांआड कुणीतरी परका होऊन कुठल्यातरी गावात शिरलेला असतो. आज उपऱ्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्याने आपला पणजोबा मुंबईत कसा उतरला, पहिली रात्र कुणाच्या ओट्यावर झोपला, हे एकदा शोधावे. जीभ आपोआप सैल पडेल. आणि नोंदींचे मोल केवळ भावनिकही नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. त्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, आपलेच कागद आपल्याला वाचता येत नाहीत, हे सर्वांपुढे आले.

दुसरी उणीव आपल्या सगळ्याच वंशावळींत आहे, मग ती सरदाराची असो की शिपायाची. त्यात बायका नसतात. असल्या तर ‘पत्नी’ एवढ्याच, माहेरचे नाव पुसून. अलीकडचे काही कुलवृत्तांत मुलींच्या शाखा देऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट. पण पाहा, मॉरिशसच्या मजुरांच्या वहीत बाईला स्वतःचा क्रमांक होता, तिच्या बापाचे नाव होते, गाव होते. मळेवाल्याच्या दप्तराने जे दिले ते आपल्या घराने दिले नाही, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

आपल्याकडे नोंद ठेवणारे नव्हते असेही नाही. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे पिढ्यान्‌पिढ्या उतरली आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैलावरून गावोगाव फिरत आणि शेतकऱ्यांच्या घराण्यांची पिढीजाद नामावळी सांगत. तलाठ्याकडे फेरफार आहेत, गाव नमुना चौदामध्ये जन्ममृत्यू आहेत, शाळेत दाखलखारीज रजिस्टर आहे. हे सगळे विखुरलेले आहे आणि ते जोडणारा धागा माणसांच्या तोंडी आहे. कागदावर नुसते ‘सखाराम’ असते. तो कुणाचा कोण, हे घरातली नव्वदीची आजीच सांगू शकते.

म्हणून एक साधी सूचना. येत्या गणपतीत किंवा शिमग्याला गावी जाल तेव्हा शंभर पानी वही बरोबर न्या. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला आधी विचारा, पुरुषांना नंतर. कारण सासर आणि माहेर अशी दोन घराणी तिला पाठ असतात. नाव, वाडी, माहेर, कोण कधी मुंबईला गेले, कुणाच्या ओळखीने, कुठल्या खात्यात लागले, एवढे लिहा. पत्र्याच्या पेटीतल्या कागदांचे फोटो काढा आणि मूळ कागदही टाकू नका. अडचणीचे काही निघाले तर तेही लिहा. शे-दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून बोटीत चढलेल्या माणसाची नोंद परक्या कारकुनाने केली, ती त्याला कामाला जुंपण्यासाठी. आपली माणसे आपण निदान मायेपोटी तरी लिहून ठेवावीत. आजीला पुढच्या गणपतीत विचारू म्हणून थांबू नये.