कॅमेरा गुन्ह्यातच होता: चित्रपट महामंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ,
दादासाहेब फाळके चित्रनगरी, गोरेगाव, मुंबई.

विषय: खान्देशातील प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवरील चित्रपटांना अर्थसाहाय्य देताना घालावयाच्या अटींबाबत.

महोदय,

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यावर चित्रपट काढावा की काढू नये, हा वाद आता जुना झाला असून असे चित्रपट निघतात, चालतात आणि पुढेही निघत राहतील, हे गृहीत धरूनच विचार करणे भाग आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे, आणि तो असा की घडलेला प्रकार पडद्यावर कोणाच्या नजरेतून दाखवायचा आणि ती नजर ठरवताना ज्यांचे नुकसान झाले त्यांना विचारायचे की नाही. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत घडलेल्या दोन घटना, म्हणजे १९९४ मध्ये जळगाव शहरात उघडकीस आलेले लैंगिक शोषणाचे प्रकरण आणि १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जमावाने केलेली पाच भटक्यांची हत्या, यांच्याकडे पटकथाकारांचे लक्ष आज ना उद्या वळणार, हे उघड आहे. दर्जेदार मराठी चित्रपटांना शासनाचे अर्थसाहाय्य महामंडळामार्फत मिळते. म्हणजे अशा चित्रपटांत जनतेचा पैसा असू शकतो, आणि म्हणून हा विषय निर्मात्यांच्या सदसद्विवेकावर सोडून महामंडळास मोकळे होता येणार नाही.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला खान्देशापासून फार दूर, नॉर्वेत सापडतो. मेटल हा रॉक संगीताचा एक प्रकार असून विद्युत गिटारचा जाड, खरखरीत आवाज, अतिवेगवान ढोलवादन आणि किंचाळल्यासारखे गायन ही त्याची ठळक लक्षणे आहेत. त्यातलीच ब्लॅक मेटल ही अधिक काळोखी, ख्रिस्ती धर्माला उघड विरोध करणारी शाखा १९९० च्या सुमारास ओस्लो आणि बर्गन या शहरांतील मोजक्या तरुणांच्या वर्तुळात फोफावली. मेहेम हा वाद्यवृंद या वर्तुळाच्या मध्यभागी होता. त्याच्या गायकाने एप्रिल १९९१ मध्ये आत्महत्या केली, जून १९९२ मध्ये बर्गनजवळील फांटोफ्टचे शेकडो वर्षांचे लाकडी चर्च जाळण्यात आले व त्यापाठोपाठ आणखी चर्चना आगी लावल्या गेल्या, आणि १० ऑगस्ट १९९३ रोजी वाद्यवृंदाचा गिटारवादक ऑयस्टाइन ऑर्सेथ याचा त्याच्याच इमारतीच्या जिन्यात खून झाला. खून करणारा वार्ग विकर्नेस हा याच वर्तुळातला वादक होता. १९९४ मध्ये त्याला २१ वर्षांची, म्हणजे त्या देशातील कमाल मुदतीची शिक्षा झाली. तुरुंगातूनही त्याचे संगीत प्रसिद्ध होत राहिले आणि २००९ मध्ये तो सुटला.

या साऱ्या हकिकतीवर १९९८ मध्ये ‘लॉर्ड्स ऑफ केऑस’ हे पुस्तक निघाले आणि त्याच नावाचा चित्रपट योनास ऑकरलुंड या स्वीडिश दिग्दर्शकाने २०१८ मध्ये पडद्यावर आणला. ऑकरलुंड स्वतः तरुणपणी बाथोरी या वाद्यवृंदात ढोल वाजवत असे, त्यामुळे विषयाशी त्याची ओळख वरवरची म्हणता येत नाही. तरीही चित्रपट इंग्रजीत झाला, प्रमुख भूमिका अमेरिकी नटांकडे गेल्या, आणि ज्या भाषेत ही मुले आपसांत बोलत, भांडत व एकमेकांना चिथावत होती ती भाषाच पडद्यावरून नाहीशी झाली. यापेक्षाही गंभीर गोष्ट छायाचित्राची आहे. गायकाने आत्महत्या केल्यावर त्याचा देह प्रथम पाहणाऱ्या ऑर्सेथने पोलिसांना कळवण्याआधी दुकानातून एक साधा, एकदाच वापरून टाकून देण्याचा कॅमेरा विकत आणला, देहाजवळच्या वस्तू हव्या तशा मांडल्या आणि छायाचित्रे काढली. त्यांतलेच एक पुढे १९९५ मध्ये एका अनधिकृत ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापले गेले आणि आजतागायत ते जगभर फिरते आहे. चित्रपटाने हा प्रसंग सविस्तर उभा केला, आत्महत्येचा आणि जिन्यातील खुनाचाही तपशील लांबवून दाखवला, आणि अशा रीतीने मित्राच्या मृतदेहाकडे वस्तू म्हणून पाहणाऱ्या त्या पहिल्या कॅमेऱ्याच्या जागी प्रेक्षकाला नेऊन बसवले. दिग्दर्शकाचा हेतू निषेधाचा असेल, आणि मैत्री, मत्सर व बढाई यांतून हिंसा कशी वाढत जाते हे चित्रपटाच्या पूर्वार्धात चांगले उमटलेही आहे. परंतु दृश्याची रचना हेतूचे ऐकत नाही.

महाराष्ट्राला हा प्रकार अपरिचित नाही. पुण्यात १९७६-७७ मध्ये झालेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच हत्याकांडावरचा, नाना पाटेकर यांची प्रमुख भूमिका असलेला ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सामील असूनही संपूर्ण खरे सांगण्याच्या अटीवर न्यायालयाने माफी दिलेला साथीदार. पुढे अनुराग कश्यप यांनी याच हत्याकांडाचा धागा घेऊन ‘पाँच’ हा हिंदी चित्रपट केला आणि त्यातील गुन्हेगारांना एका रॉक वाद्यवृंदाचे सदस्य केले. प्रमाणन मंडळाशी वाद झालेला हा चित्रपट चित्रपटगृहांत रीतसर लागलाच नाही. पुण्यातील कला महाविद्यालयाचे विद्यार्थी मुंबईचे रॉक वादक झाले याला कल्पनेचे स्वातंत्र्य म्हणता येते आणि ते मान्यही करावे लागते, कारण त्या बदलामुळे खऱ्या कुटुंबांवरचा प्रकाशझोत थोडा तरी बाजूला सरला. परंतु हत्याकांडाची आठवण काढताना मारेकऱ्याचे नाव चटकन ओठांवर येते आणि मारल्या गेलेल्या दहा जणांची केवळ आडनावेच, तीही दोन कुटुंबांचीच, लोकांच्या लक्षात राहिली आहेत, ही गोष्ट चित्रपटसृष्टीने मनाला लावून घेण्याजोगी आहे.

आता राईनपाड्याकडे वळता येईल. साक्री तालुक्याचा पश्चिम भाग हा डोंगराळ, कोकणा, भिल्ल, मावची या आदिवासी समाजांच्या वस्तीचा आहे. तेथे आठवडी बाजाराच्या दिवशी, रविवारी, जे पाच जण मारले गेले ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. डवरी हे नाव डौर या डमरूसारख्या वाद्यावरून आलेले असून ते वाजवत, नाथांची गाणी गात, भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय होय. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दुष्काळी भागातून ही माणसे पोट भरण्यासाठी निघत आणि साक्री तालुक्यातीलच पिंपळनेरकडे पाल ठोकून राहत. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून त्या भागात आठवडाभर पसरली होती. एका लहान मुलीशी कोणी बोलल्याचे निमित्त झाले आणि जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. जेथे गावाचे दाखले मिळतात, जेथे तक्रार ऐकली जाणे अपेक्षित असते, त्याच खोलीत हे घडले, आणि ते घडत असताना अनेकांचे हात भ्रमणध्वनी उंच धरून चित्रण करण्यात गुंतलेले होते. ती चित्रफीत काही तासांत राज्यभर फिरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या खटल्यात सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

या घटनेत चलच्चित्र दोनदा आले आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिच्यावर चित्रपट करता येणार नाही. मारहाणीचे चित्रण हा त्याचा शेवट. आरंभही चित्रफितींतूनच झाला होता. त्या वर्षी देशाच्या अनेक राज्यांत फिरलेल्या अशा फितींपैकी एक तर कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. मोटारसायकलस्वार मूल उचलून नेतात आणि शेवटी ते मूल परत आणून सोडतात, असे तिचे स्वरूप होते, परंतु शेवट कापून टाकल्यामुळे सदिच्छेने काढलेला एक लघुपट माणसे मारण्याचे कारण ठरला. कापाकापी करणाऱ्या हाताने अर्थ पालटतो, हे संकलनाच्या कलेचे मूलतत्त्व चित्रपटवाल्यांना सांगण्याची गरज नाही. ते येथे रक्ताने सिद्ध झाले. त्याच जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध राज्यांना सविस्तर निर्देश दिले आणि व्हॉट्सॲप या कंपनीने भारतात एक संदेश पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली, यावरून राईनपाड्यासारख्या घटनांचे वजन कळून येते.

म्हणून राईनपाड्यावर चित्रपट निघावा, तो लवकर निघावा, आणि तो मराठीतच निघावा, असे या पत्राचे ठाम म्हणणे आहे. मात्र त्या खोलीतील मारहाणीचे दृश्य जमावाच्या हातातील कॅमेऱ्याच्या कोनातून पुन्हा उभे करणे म्हणजे ती चित्रफीत अधिक चांगल्या प्रकाशात, अधिक महाग यंत्रांनी पुन्हा प्रसृत करणे होय. भाषेचा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे. मंगळवेढ्याचा माणूस जी मराठी बोलतो ती पिंपळनेरच्या बाजारात परकी वाटते, बाजारात अहिराणी आणि कोकणा यांचा वावर असतो, आणि परक्या बोलीचा, भगव्या कपड्यांचा, अनोळखी माणूस हाच संशयाचा पहिला धनी ठरतो. ही सारी पात्रे पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत बोलू लागली, तर हत्येमागचे एक कारणच चित्रपटातून पुसले जाईल. नॉर्वेवरील चित्रपटाने इंग्रजीपायी जे गमावले ते खान्देशाच्या चित्रपटाने गमावण्याचे काही कारण नाही. आणखी एक धोका असा की आदिवासी पाडा म्हणजे रानटी, अडाणी जमाव अशी सोपी मांडणी करून दिग्दर्शक मोकळा होईल. पोटचे मूल हरवेल या धास्तीने, शाळा-दवाखाना-पोलीस यांच्यावरचा भरवसा उडालेल्या वस्तीत माणसे कशी पेटली, हे दाखवणे अवघड आहे आणि नेमके तेच दाखवायला हवे. यातून गुन्ह्याला माफी मिळत नाही, परंतु तो कळतो.

जळगावच्या प्रकरणात सावधगिरी याहून अधिक हवी. १९९४ च्या जुलैत जे उघड झाले त्याला वृत्तपत्रांनी ‘जळगाव वासनाकांड’ असे नाव दिले. शहरातील वजनदार मंडळींची नावे त्यात गुंतली, अरविंद इनामदार व मीरां चड्ढा-बोरवणकर यांच्यासारख्या पोलीस अधिकाऱ्यांकडे तपासाची जबाबदारी आली, बळींच्या संख्येचे शेकड्यांतील आकडे छापून आले, आणि प्रत्यक्षात पुढे येऊन तक्रार देणाऱ्या मुली व स्त्रिया मात्र मोजक्याच राहिल्या. छायाचित्रे काढून ती दाखवण्याची धमकी देणे, हेच येथे गुन्हेगारांचे हत्यार होते. कॅमेरा येथे साक्षीदार नव्हता, तो सुरा होता. अशा प्रकरणावर तेच प्रसंग नटींकडून करवून घेणारा चित्रपट काढणे म्हणजे ती धमकी तीस वर्षांनंतर खरी करून दाखवण्यासारखे आहे. त्या स्त्रिया आज पन्नाशीच्या आसपास आहेत, कोणाच्या सासू झाल्या आहेत, आणि जळगावासारख्या शहरात एखादी गल्ली, एखादे महाविद्यालय, एखादे ब्यूटी पार्लर दाखवले तरी ओळख पटायला वेळ लागत नाही.

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. ऑटो शंकर या तामिळनाडूतील गुन्हेगाराच्या आत्मचरित्राविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, योगायोगाने १९९४ मध्येच, असा निर्णय दिला की सार्वजनिक नोंदींवर आधारलेले लेखन संमतीविना प्रसिद्ध करता येते, मात्र लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांत बळी पडलेल्या स्त्रीचे नाव व तिच्यावर गुदरलेला प्रसंग यांची जाहीर वाच्यता करून तिची आणखी विटंबना होऊ नये, हा त्याला अपवाद राहील. निपुण सक्सेना खटल्यात ११ डिसेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की केवळ नावच नव्हे, तर जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही माहिती उघड करता येणार नाही. अशी ओळख उघड करण्यास मनाई करणारे दंड संहितेतील २२८-अ हे कलम आता भारतीय न्याय संहितेत ७२ व्या क्रमांकावर आले आहे. ‘नाव बदलले आहे’ अशी पाटी सुरुवातीला लावली की जबाबदारी संपली, अशी जी समजूत निर्मात्यांत आढळते, तिला या निर्णयांनंतर आधार उरलेला नाही. जळगावावर चित्रपट करायचाच असेल तर तो मुलींच्या देहांवर नव्हे, तर तक्रारी मागे का राहिल्या, घरच्यांनी तोंड का बंद करवले, सोयरिकींच्या बैठकांत गावाचे नाव निघताच माणसे का गप्प झाली आणि खटले कोर्टात का टिकले नाहीत, यावर व्हावा. तो विषय पुरेसा मोठा आहे आणि त्यात कोणाचीही ओळख उघडी पडत नाही.

यास्तव महामंडळास विनंती अशी की, प्रत्यक्ष गुन्ह्यावर आधारित चित्रपट अर्थसाहाय्यासाठी आल्यास परीक्षण समितीने कथेच्या गुणवत्तेबरोबरच दोन गोष्टी तपासाव्यात. मृतांच्या कुटुंबीयांना, किंवा लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत ओळख गुप्त ठेवून बळींच्या वतीने काम करणाऱ्या विश्वासार्ह व्यक्तींना, चित्रीकरणापूर्वी पटकथा ऐकवली गेली काय आणि त्यांचे आक्षेप लेखी नोंदवले गेले काय, ही पहिली. ही संमतीची सक्ती नव्हे, कारण संमती सक्तीची केली तर सत्तावान आरोपींची कुटुंबेही उद्या तोच हक्क सांगतील आणि पोलीस, पुढारी, बागायतदार यांच्याविषयी कोणाला काही बोलताच येणार नाही. आक्षेप ऐकणे आणि त्याला उत्तर देणे, एवढीच येथे अपेक्षा आहे. दुसरी गोष्ट अशी की ज्या गुन्ह्यात छायाचित्र किंवा चित्रफीत हे साधन होते, तेथे ती मूळ प्रतिमा अथवा तिची हुबेहूब नक्कल वापरलेल्या चित्रपटास शासनाचा एक रुपयाही मिळू नये. पहिल्या गोष्टीत तडजोडीला जागा आहे, दुसरीत नाही.

मंगळवेढ्याच्या बाजूला आजही नाथपंथी डवरी गोसाव्यांची कुटुंबे राहतात आणि त्यांतली काही पावसाळा संपताच भिक्षेसाठी बाहेर पडतात. राईनपाड्यावरील पहिली पटकथा महामंडळाकडे येईल तेव्हा तिचे वाचन आधी मंगळवेढ्यात आणि नंतर पिंपळनेरात करण्यात यावे, त्याचा खर्च महामंडळाने उचलावा, आणि तशी तरतूद अर्थसाहाय्याच्या नियमांत येत्या आर्थिक वर्षापूर्वी करण्यात यावी, ही नम्र विनंती.

कळावे,
खान्देशातील एक चित्रपट अभ्यासक